सातवा रकाना

आमच्या इंजिनिअरिंग सेंटरमध्ये नवी मुलं रुजू झाली की पहिल्या महिन्यात त्यांना अर्ध्या दिवसासाठी माझ्याकडे पाठवतात. विषय एकच: कामात काही नवं सुचलं तर ते कंपनीला कसं कळवायचं. त्यासाठी चार पानांचा एक फॉर्म आहे, इन्व्हेन्शन डिस्क्लोजर फॉर्म. रोजच्या बोलण्यात नुसता ‘आयडीएफ’. अडचण काय होती, आधी लोक ती कशी सोडवत होते, तुम्ही वेगळं काय केलंत, आकृती, कल्पना पहिल्यांदा कधी सुचली, बाहेर कोणाला दाखवली आहे का. आणि सातवा रकाना: या कामात आणखी कोणाचा सहभाग होता आणि तो नेमका कोणता?

बाकीचे रकाने मी तासाभरात उरकते. सातव्यापाशी थांबते. मुलांना वाटतं, हा तर सगळ्यात सोपा, नावं लिहायची आणि मोकळं व्हायचं. मी तो कसा भरला होता, ते मी त्यांना दर वेळी सांगते. इथे पहिल्यांदाच लिहितेय.

२००७ साल. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी डिझाइनला होते. डिग्री होऊन तीन वर्षं झालेली. आम्ही हायड्रॉलिक सिलिंडर बनवायचो. गळीत हंगाम सुरू झाला की आमच्याकडे तक्रारींचाही हंगाम सुरू व्हायचा, कारण ऊस उचलणाऱ्या लोडरचे सिलिंडर गळायला लागायचे. सिलिंडरचा रॉड आत-बाहेर होतो. बाहेर असताना त्याच्यावर उसाचा रस, माती आणि पाचटाचा भुसा बसतो. रस वाळला की आधी काकवीसारखा चिकट होतो आणि मग दगडासारखा कडक. रॉड आत जाताना तोंडाशी बसवलेलं रबरी वायपर सील ही घाण निपटून काढायला बघतं आणि महिनाभरात त्याची कड फाटते. कड फाटली की घाण आत आणि तेल बाहेर. मग सांगली-कोल्हापूरकडून रोज फोन.

मी सीलच्या पुढे एक पितळी रिंग टाकायचं ठरवलं. रबराच्या आधी पितळेने घाण खरवडून काढायची, असा हिशेब. ड्रॉइंग केलं आणि टूलरूमला दिलं. तिथे एक मिस्त्री होते, कराडकडचे, आयटीआय झालेले. सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही म्हणायचे. त्यांनी माझ्या ड्रॉइंगबरहुकूम रिंग करून दिली, आम्ही ती चाचणीला लावली आणि आठ दिवसांत सील पुन्हा गेलं. उघडून पाहिलं तर थोडी घाण रिंगखालून निसटून रिंग आणि सील यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत साचत होती. तिथे तिचा लगदा घट्ट बसून सीलची कड उलटी दुमडत होता. रिंग नव्हती तेच बरं होतं, असं म्हणायची पाळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी टूलरूममध्ये गेले, तर काकांनी ती रिंग वाइसमध्ये धरलेली. पितळेवर वण उठू नये म्हणून दोन्ही जबड्यांना तांब्याच्या पत्र्याचे तुकडे लावलेले. हातात बारीक कानस. रिंगच्या मागच्या अंगाला, सिलिंडरवर बसवल्यावर जी बाजू खाली येते तिथे, ते दोन तिरक्या खाचा पाडत होते. आत निमुळत्या, बाहेर रुंद. चार-सहा हात कानस फिरवायची, थांबायचं, खाचेवरून अंगठ्याचं नख ओढून बघायचं, फुंकर मारायची, पुन्हा कानस. हे काय चाललंय विचारलं, तर मान वर न करता म्हणाले, “घाणीला जायला वाट पायजे न्हवं, ताई.”

ती रिंग अख्खा हंगाम टिकली.

पुढे तशा रिंगा सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, शेकड्यांनी बनल्या. चांगल्या चालल्या, पण काकांनी हाताने केलेल्या त्या पहिलीइतकी एकही टिकली नाही. आम्ही त्याचा दोष पितळेच्या लॉटला दिला.

साहेब म्हणाले, आयडीएफ भर. मी हौसेने भरला. तीन पानं रिंगवर लिहिली. खाचांना एक ओळ दिली: ‘रिंगला गरजेनुसार तिरक्या खाचा देता येतील.’ सातव्या रकान्यात साहेबांचं नाव घातलं. काकांना वगळ, असं मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांचं नाव माझ्या डोक्यातच आलं नाही. ड्रॉइंग डिझाइनने केलं, जॉब टूलरूमने करून दिला, एवढीच माझी समजूत.

महिन्या-दीड महिन्याने मुंबईचे पेटंट एजंट आले. जुनी पेटंटं शोधून त्यांनी अहवाल आणला होता. पितळी रिंग? फार जुनी गोष्ट. सीलच्या पुढे धातूची कड लावून रॉड खरवडायची युक्ती जगात कितीतरी वर्षं चालू होती. यात नवीन काही नाही, असं सांगून त्यांनी फाइल जवळपास मिटलीच होती. मग त्यांचं बोट त्या एका ओळीवर थांबलं. “ही खाच कशासाठी?” मी सांगितलं. ते खुर्चीत पुढे सरकले. हे कुठे सापडलं नाही, म्हणाले, दावा, म्हणजे आपलं नवं नेमकं काय ते सांगणारं पेटंटमधलं वाक्य, याच्यावरच करू. आणि वहीत लिहिता लिहिता सहज विचारलं, “हे सुचलं कोणाला?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “आमच्या डिझाइनलाच.”

मी गप्प बसले.

कल्पना कोणाला सुचली आणि ती हाताने कोणी घडवली, यात कायदा फरक करतो, आणि तो बरोबरच आहे. दिलेल्या ड्रॉइंगप्रमाणे जॉब करणारा शोधक ठरत नाही. हाच नियम मी तेव्हा स्वतःला पुन्हा पुन्हा ऐकवत असे. पण ज्या दाव्यावर पेटंट उभं राहिलं, त्या दाव्यापुरता हिशेब नेमका उलटा होता. खाच काकांची, आणि मी ती नुसती ड्रॉइंगमध्ये उतरवून घेतली. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात ‘खरा आणि पहिला शोधक’ असे शब्द आहेत. मी खरीही नव्हते आणि पहिलीही नव्हते.

नंतर कळलेली एक गोष्ट मला जास्त टोचते. त्याच कायद्याच्या २८ व्या कलमात शोधकाचं नाव पेटंटवर नोंदवून घ्यायची सोय आहे. राहिलेलं नाव घालायलाही त्यात वाट आहे: फॉर्म ८ भरायचा, मात्र पेटंट मंजूर होण्याआधी. तेच कलम असंही सांगतं की नाव लागल्याने कोणाला पेटंटवर हक्क मिळत नाही आणि कोणाचा हक्क कमीही होत नाही. म्हणजे काकांचं नाव घातल्याने कंपनीचा एक रुपया जाणार नव्हता, साहेबांचं काही बिघडणार नव्हतं आणि माझंही नाही. मंजुरी यायला पाच वर्षं लागली. पाच वर्षं ते दार उघडं होतं. त्यातल्या तिसऱ्या वर्षी मी नोकरी बदलली आणि ते माझ्या मनातून जवळपास गेलंच.

आपण असं का करतो, याचा मी पुढे बराच विचार केला. थोडा भाग अधिकाराच्या भीतीचा, तो आहेच. पण थोडा भाग आपल्या शब्दांचाही आहे. ‘शोध’ हा शब्द आपण फार उंचावर नेऊन ठेवलाय. शोध लावायचा तो एडिसनने, किंवा फार तर मुंबईत १८६७ साली जन्मलेल्या आपल्या शंकर आबाजी भिसे यांनी, ज्यांनी छपाईचे खिळे पाडणारं यंत्र केलं आणि स्वतःच्या नावावर पेटंटं घेतली. कारखान्यात मात्र कोणी शोध लावत नाही. तिथे लोक ‘मार्ग काढतात’, ‘डोकं चालवतात’, ‘काहीतरी खटपट करून जमवतात’. काकांना कोणी विचारलं असतं, तुम्ही शोध लावलात का, तर ते नाही म्हणाले असते आणि त्यांना ते खरंच वाटलं असतं. म्हणून मी मुलांना तसं विचारतच नाही. मी विचारते, गेल्या सहा महिन्यांत कुठे अडलं होतं? मग कोणी सोडवलं? कसं? दहातले आठजण आधी म्हणतात, “त्यात काय विशेष, मॅडम.” तिथून पुढे मी वही उघडते.

विशेष आहे की नाही, हे ठरवायचं काम सांगणाऱ्याचं नाहीच. जगात आधी कुठे ते झालंय का, हे शोधायला माणसं आहेत. इंजिनिअरचं काम सांगणं, आणि वेळेवर सांगणं. पेटंट आधी अर्ज करणाऱ्याला मिळतं. अर्जाआधी तीच गोष्ट प्रदर्शनात मांडली, पुरवठादाराला करार न करता दाखवली किंवा कौतुकाने फोटो काढून ग्रुपवर टाकला, तर नवेपणा गेला म्हणून समजा. त्याला असलेले अपवाद फार तोकडे आहेत. सहा महिन्यांचं काम एका व्हिडिओने वाया गेलेलं मी पाहिलंय. तो मुलगा जेमतेम पंचविशीचा होता आणि त्याने तो व्हिडिओ आईला दाखवायला म्हणून टाकला होता. त्याच्यावर रागवायचं तरी कसं?

आता मी ज्या सेंटरमध्ये आहे, त्याचं मूळ जर्मनीत. तिथल्या सहकाऱ्यांबरोबर काम करताना मला पहिल्यांदा कळलं की नोकरदाराच्या शोधासाठी वेगळा कायदा असू शकतो. आपल्याकडे तो नाही. आपल्याकडे सगळं नेमणूकपत्रातल्या एका परिच्छेदावर चालतं: नोकरीच्या काळात तुम्ही जे काही शोधाल ते कंपनीचं. रुजू होताना घाईघाईने ज्या आठ-दहा ठिकाणी सह्या करतो, त्यांतली ही एक. बक्षीस द्यायचं की नाही आणि किती, ते कंपनीच्या धोरणावर. जर्मनीत १९५७ पासून याचा कायदा आहे. कामगाराने शोध लेखी कळवायचा, मालकाने पोच द्यायची. चार महिन्यांत मालकाने तो सोडून दिला नाही, तर त्याने तो घेतला असं धरायचं. आणि घेतला, की शोधकाला योग्य मोबदला मिळायलाच हवा.

पण मला त्या कायद्यात सगळ्यात आवडलं ते पाचवं कलम. शोध कळवताना काय लिहायचं, ते त्यात दिलंय. अडचण काय, उपाय काय, हे तर आहेच. त्यापुढे, कारखान्यातल्या कोणत्या अनुभवाचा उपयोग झाला, बरोबर कोण कोण होतं, त्यांनी काय आणि किती केलं, आणि कळवणाऱ्याच्या मते त्याचा स्वतःचा वाटा कोणता. हे वाचलं तेव्हा मी कॅन्टीनमध्ये बसले होते. समोरचा चहा तसाच राहिला. १९५७ मध्ये, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, कोणीतरी ही अडचण ओळखून कायद्यात लिहून ठेवली होती. मी २००७ मध्ये तो प्रश्न समोर छापलेला असूनही चुकले होते.

मोबदल्यावरून जगात मोठे खटले झालेत. जपानच्या शुजी नाकामुरांचा बऱ्याच जणांना माहीत असतो. निळ्या एलईडीच्या कामाबद्दल टोकियोच्या न्यायालयाने २००४ मध्ये त्यांना २,००० कोटी येन द्यायला सांगितले, आणि पुढच्या वर्षी सुमारे ८४ कोटी येनांवर तडजोड झाली. मला जास्त जवळचा वाटतो तो इंग्लंडच्या इयन शँक्स यांचा खटला. १९८२ मध्ये ते युनिलिव्हरच्या प्रयोगशाळेत लागले, पगार वर्षाला १८,००० पौंड आणि एक व्होल्वो गाडी. त्याच वर्षी त्यांनी घरी बसून एक छोटं उपकरण केलं. रक्ताचा थेंब आपोआप आत ओढून घ्यायचा आणि त्यातली साखर मोजायची. त्यासाठी मुलीच्या खेळण्यातल्या मायक्रोस्कोपच्या काचपट्ट्या आणि प्लास्टिकची पातळ फिल्म वापरली आणि ते सगळं कागद धरून ठेवायच्या चिमट्यांनी एकत्र धरलं. पेटंट कंपनीचं झालं. कंपनीला परवान्यांमधून मिळालेला निव्वळ फायदा सुमारे २ कोटी ४० लाख पौंड धरला गेला. शँक्स यांनी २००६ मध्ये दाद मागितली आणि २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना २० लाख पौंड मंजूर केले. तेरा वर्षं.

मुलं हे ऐकून रकमेवर बोलतात. मी त्यांना चिमट्यांवर आणते. घरात बसून चिमट्यांनी जोडलेली गोष्ट त्या माणसाने कंपनीला सांगितली, आणि ती कोणाची हे कागदावर होतं. म्हणून तेरा वर्षं भांडता आलं. नाव असलं तर भांडता येतं. ज्याचं नावच नाही, त्याने कुठे जायचं?

उलटी चूकही तितकीच वाईट, आणि ती आपल्याकडे जास्त चालते. साहेबांचं नाव. विभागप्रमुख म्हणून, प्रोजेक्ट त्यांच्या बजेटमधून झालं म्हणून, घातलं नाही तर वाईट दिसेल म्हणून. मी आता ज्या समितीवर आहे, तिथे प्रत्येक नावापुढे मी विचारते, दाव्यातला कोणता शब्द यांचा? पहिल्या वर्षी यावरून बरंच वाजलं. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. दुसऱ्या एकांनी आपण होऊन स्वतःचं नाव काढलं आणि एका टेस्टिंगच्या मुलीचं घातलं. त्या दिवशी मी घरी जाताना पेढे घेऊन गेले. घरच्यांना कारण सांगत बसले नाही.

आणखी एक, वर्षाला प्रत्येकी इतके आयडीएफ झालेच पाहिजेत, असं उद्दिष्ट लावणं मला पटत नाही. त्याने मार्चमध्ये फॉर्मांचा ढीग येतो, आणि ज्याला खरंच काही सांगायचं असतं तो त्या ढिगाखाली जातो. त्यापेक्षा महिन्यातून एकदा टूलरूममध्ये जाऊन बसावं. आमचा फॉर्म मी मराठीत करून घेतलाय, त्यासाठी दोन वर्षं मागे लागले. लिहायचा कंटाळा असेल तर तोंडी सांगा, मी लिहून घेते, असं त्याच्यावर वरच छापलंय.

गेल्या डिसेंबरात मी काकांकडे गेले. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. घर कराडच्या पुढे, रस्त्याला लागूनच, मागे उसाचं रान. सोबत त्या पेटंटची छापील प्रत नेली होती. ते पेटंट आता जिवंतही नाही. वार्षिक फी भरणं थांबलं तेव्हाच ते संपलं. नोंदवहीत दोन नावं आहेत आणि तीच राहणार. मी सगळं सांगितलं. एजंटांनी काय विचारलं, साहेब काय म्हणाले आणि मी काय बोलले नाही, ते. काका ऐकत होते. मधे सुनेला चहा टाकायला सांगितला. मी थांबल्यावर म्हणाले, “व्हय, ती रिंग. ध्यानात हाय की.” एवढंच. मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा जाऊ दे म्हणतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. म्हणाले, “काय लिवलंय ते वाच बघू.”

प्रत इंग्रजीत. आपल्याकडे पेटंटचा अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीतच करता येतो. मी पहिला दावा मराठीत सांगायला लागले. रॉडभोवती बसणारी रिंग, तिच्या मागच्या अंगाला खालच्या बाजूस दोन तिरक्या खाचा, आतून बाहेर दोन्ही कडांनी रुंद होत जाणाऱ्या...

“थांब,” काका म्हणाले. “दोनी कडांनी न्हाई.”

मी वर पाहिलं.

“खालची कड तेवढी तिरकी. वरची सरळ ठेवली हुती मी. दोनीकडनं पसरट केली की पावसाचं पाणी उलटं आत शिरतंय.” मग त्यांनी बोटाने मागे रानाकडे दाखवलं. लहानपणी त्यांच्या वडिलांचं गुऱ्हाळ होतं. चरकाखालून रस न्यायला लाकडाची पन्हळ असायची. तोंडाकडे ती रुंद करायची, म्हणजे चिपाडाचे तुकडे अडकत नाहीत, पण एकाच अंगाने, नाहीतर रस बाजूने सांडतो. वडील ती वाकसाने तासायचे आणि हे शेजारी बसून बघायचे. वय काय, तर सात-आठ.

कल्पना पहिल्यांदा कधी सुचली, हा आमच्या फॉर्मचा पाचवा रकाना.

मी ड्रॉइंगमध्ये दोन्ही कडा तिरक्या दाखवल्या होत्या. तशी ती आकृती नीट दिसते, समान दिसते, म्हणून. सीएनसीच्या शेकडो रिंगा त्या ड्रॉइंगवरून गेल्या आणि पेटंटमध्येही तेच गेलं. पितळेच्या लॉटमध्ये काही खोट नव्हती. अर्ज करणाऱ्याला माहीत असलेली सगळ्यात चांगली रीत पेटंटमध्ये सांगावी लागते. ती रीत ज्याला माहीत होती, त्याला आम्ही कोणी विचारलंच नव्हतं.

काकांनी माझ्या हातातलं पेन घेतलं. प्रत उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर खाच काढली. हात थोडा थरथरतो आता, पण वरची रेघ सरळ आली, खालची उतरती. बाजूला मापं घातली, मिलिमीटरमध्ये, दशांशासकट. अठरा वर्षांपूर्वीची मापं. मी खाली तारीख घातली आणि म्हणाले, “काका, इथं सही करा.”

“आता कशाला?”

“करा.”

त्यांनी सुनेला हाक मारून चष्मा मागवला, तो पुसला, लावला आणि सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली.